ती विचारून गेली होती

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गावात विषय निघाला की मी विहिरीवरची मोटार चालू करायला म्हणून उठायचो, मग लाईट असो नाहीतर नसो. लग्नकार्यात कुणी थोरलीची चौकशी केली की खाली बघायचो, आणि बाप खाली बघतोय म्हटल्यावर विचारणाराच ओशाळून गप्प व्हायचा. म्हाताऱ्याला पोरीचं लागलंय, असं लोकांना वाटायचं. मी तसं वाटू दिलं. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि ज्यांच्यासाठी लपवलं त्यातले बरेच जण राहिले नाहीत. म्हणून लिहितो. माझी थोरली मुलगी घरातून पळून गेली नव्हती. मला विचारून गेली होती.

आमचं गाव मीना नदीच्या काठाला, नारायणगावापासून जवळ. द्राक्षाची थोडी बाग, बाकी टोमॅटो. नव्वदीच्या दशकात खोडदच्या रानात आभाळातल्या लहरी पकडायच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या. थोरली पुण्याला विज्ञान शिकून आली आणि खोडदलाच कॉम्प्युटरच्या कामाला लागली. स्कूटरवरून जायची, दिवस मावळायला परत यायची. तिची आई गल्लीत सगळ्यांना सांगायची, "आमची पोरगी चांदण्यांचा रेडिओ ऐकती."

त्याच कामासाठी हॉलंडचा एक मुलगा वर्षभर आला होता. थोरलीनं एकदा त्याला आमच्याकडं जेवायला आणलं. एवढा उंच, की दारातून येताना कपाळ चौकटीवर आपटलं. आमच्या मंडळींनी, म्हणजे थोरलीच्या आईनं, पदर तोंडाला लावला आणि हसत म्हणाल्या, "वाकाय शिकवा गं त्याला, घर मोडंल आमचं." मासवडीचा रस्सा खाऊन त्याचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी पुढं केली. त्या दिवशी मला तो आवडला होता. हेही मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढचं समजायला आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. त्याच्या काही वर्षं आधी आमच्या भावकीतल्या एकाच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं आणि बाप स्वतः त्या लग्नाला उभा राहिला. देवळात बैठक बसली. त्या घरचं जेवण घ्यायचं नाही, त्यांना कुठल्या कार्याचं आवतण द्यायचं नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी पुढं होतो. "पोरगी पळून गेली असती तर बापाला कोण बोललं असतं? हा स्वतःच्या हातानं अक्षता टाकून आला," हे शब्द माझे. तो माणूस खांबाला टेकून ऐकत होता. त्याच्याकडं बघायचं मी टाळलं होतं.

थोरली माझ्याकडं आली ती संध्याकाळच्या वेळी, टोमॅटोच्या वावरात. मी झाडं सुतळीनं तारेला बांधत होतो. तिनं चप्पल बांधावर काढली, सुतळीचा गुंडा उचलला आणि शेजारच्या सरीत बांधायला लागली. थोड्या वेळानं, हात न थांबवता म्हणाली,

"अण्णा, मला त्याच्याशी लग्न करायचंय."

मी पुढच्या झाडाला सुतळी घातली.

"तुम्ही म्हणाल तिथं करू. लेण्याद्रीला चार माणसांत लावून दिलंत तरी चालंल. त्याची आई यायला तयार आहे. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार. हे पण त्याला सांगितलंय."

असं विचारणारी मुलगी किती बापांच्या वाट्याला येते? तिला जवळ घ्यायला पाहिजे होतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र तो खांबाला टेकलेला माणूस उभा राहिला. आणि धाकटी. धाकटीसाठी पठारावरच्या आणे गावाहून स्थळ आलं होतं. घर चांगलं, मुलगा शिकलेला, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

"तू तिकडं हॉलंडला जा," मी म्हणालो. "तिकडंच लग्न कर. माझी ना नाही. पण मला हे माहीत होतं, एवढं कुणाला कळता कामा नये."

तिनं गाठ मारली, ती सुटली, परत मारली.

"म्हणजे मी पळून गेले म्हणणार?"

"धाकटीचं उरकंस्तोवर."

"आणि आई?"

"आईला तर मुळीच नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. तोंडावर दिसंल सगळं."

"अण्णा, आईला नको हो असं. तिला तरी सांगूया."

"धाकटीचं वाटोळं करायचंय का तुला?" मी म्हणालो. हे वाक्य मी जाणून वापरलं. धाकटीवर तिचा किती जीव आहे ते मला माहीत होतं.

सरी संपेपर्यंत ती झाडं बांधत राहिली. मग म्हणाली, "लग्न उरकलं की तुम्ही सांगाल ना आईला?"

"सांगीन."

तो मुलगा आधीच परत गेला होता. कागदपत्रं झाली. निघायच्या दिवशी थोरलीनं आईला सांगितलं, ऑफिसच्या कामाला पुण्याला चाललेय, दोन दिवस राहीन. आई अंगणात कुरडया वाळत घालत होती. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "येताना शिलाई मशीनच्या सुया आण गं. इथल्या लई तुटत्यात." एरवी पोरगी सासरी निघते तेव्हा आई तिची ओटी भरते, कुंकू लावते, वेशीपर्यंत जाते. हिला सुया आणायला सांगितल्या.

मी तिला गाडीवर बसवून नारायणगावच्या स्टँडवर नेलं. पुण्याची एसटी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या ती एकदम उठली. "अण्णा, मी घरी जाऊन येते. आईला फक्त भेटते, काही सांगत नाही. नुसती पाया पडून येते." पिशवी माझ्याजवळ ठेवून ती खरंच चालायला लागली. मी तिचा दंड धरला. "अगं, तू पाया पडलीस तर तिला कळणार नाही का?" तेवढ्यात गाडी लागली. मी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली आणि तिला चढवून दिलं. खिडकीतून ती माझ्याकडं बघत नव्हती. आमच्या गावाकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघत होती.

पुढचं नाटक माझं. दोन दिवसांनी मी काळजी करायला लागलो. पुण्याला शोधायला म्हणून गेलो, एका ओळखीच्याकडं राहिलो आणि परत येऊन ओट्यावर बसलो. "गेली," म्हणालो. "त्या गोऱ्याकडं गेली." आमच्या मंडळींनी हातातली परात खाली ठेवली आणि विचारलं, "काय म्हणली का न्हाई? माझ्यासाठी काय निरोप?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या आत गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

लोक मयताला यावेत तसे आले. भावकीतले थोरले माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काय दोष राव. शिकलेल्या पोरी ह्या अशाच." ज्याच्यावर आम्ही बहिष्कार घातला होता तोही आला. माझ्याजवळ बसला आणि चहा न घेता गेला. त्याला दिलेल्या शिक्षेतून मी पोरीला पुढं करून निसटलो होतो, आणि तो माझ्या दुःखाला आला होता.

धाकटीचं लग्न ओझरला थाटात झालं. पत्रिकेत थोरलीचं नाव नव्हतं. कासारीण बांगड्या भरायला आली तेव्हा आमच्या मंडळींनी सगळ्यांच्या झाल्यावर आणखी एक हिरवा चुडा मागितला. कासारीण म्हणाली, "हा कुणाच्या मापाचा गं?" तर म्हणाल्या, "असू दे. लागतो." तो त्यांनी डब्यात घालून ठेवला. मी बघितलं. लग्न उरकलं होतं. दिलेला शब्द पाळायची हीच वेळ होती. पण धाकटीला दिवस जाऊ देत म्हटलं, मग बाळंतपण होऊ दे म्हटलं. सबबी माझ्याजवळ पुष्कळ होत्या.

आता जे लिहायचंय ते थोरलीच्या उपकाराचं आहे, आणि ते जास्त आहे.

थोरलीनं एकदाही तोंड उघडलं नाही. फोनवर मला कधी टोचून बोलली नाही. सुरुवातीला तिचा फोन आला की तिची आई बोलायची नाही, पण माझ्या खांद्याला लागून उभी राहायची आणि मला ढोसायची. "जेवती का इचारा. थंडीचं काय घालती इचारा. मी इचारलं म्हनू नका." पलीकडून थोरली हसायची, कारण तिला सगळं ऐकू जायचं.

तिच्या लग्नाची हकीगत तिनं मला अशाच एका फोनवर सांगितली. तिकडं नगरपालिकेच्या कचेरीत लग्न लागलं. एका बाजूला नवऱ्याची माणसं, दुसऱ्या बाजूला नवरीची. नवरीच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. तेव्हा तिची सासू मुलाच्या बाजूनं उठली आणि या बाजूला येऊन बसली. लोक बघायला लागले तर म्हणाली, हिच्याकडून कुणीतरी पाहिजेच की. बाई विधवा, एकुलता एक मुलगा, तरी त्याच्या लग्नात त्याच्याकडून बसली नाही.

आदल्या दिवशी तिनं थोरलीला विचारलं होतं, तुझी आई असती तर आज काय केलं असतं? थोरलीनं ओटीचं सांगितलं. खेडेगाव, तिथं नारळ कुठला मिळायला. बाईनं तांदूळ घेतले आणि नारळाच्या ठिकाणी स्वतःच्या परसातले बटाटे घातले. घरचं पिकलेलं पाहिजे ना, मग हेच. "अण्णा, माझी ओटी बटाट्याची!" थोरली हसून सांगत होती.

मी ते घरात सांगितलं. आमच्या मंडळी आधी "बटाटं? वटीत?" म्हणून खूप हसल्या. किती तरी महिन्यांनी हसल्या. मग हसता हसता गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "परक्या बाईनं भरली बगा माझ्या लेकीची वटी. देव तिचं भलं करो. पण मला का न्हाई भरू दिली हिनं?"

त्यानंतर त्या फोनवर स्वतः बोलायला लागल्या. पहिलं वाक्य होतं, "सुया आणल्या का न्हाई?"

तरी थोरली गावाला आली नव्हती. आमच्याकडं सासुरवाशीण आपली आपण माहेरी येत नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला जातं, मग ती येते. पहिल्या सणाला तर जावंच लागतं. मी गेलो नाही, कुणाला पाठवलंही नाही. लोक काय म्हणतील, एवढंच. हे त्या सासूला कुठून तरी कळलं. तिनं विचारलं, न्यायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं? थोरली म्हणाली, काही नाही, कुणीतरी सोबत चालायचं असतं. "मग मी चालते," बाई म्हणाली. आणि सत्तरीच्या घरातली ती बाई, सून, मुलगा आणि नातीला घेऊन विमानानं, मग जीपनं, आमच्या दारात उतरली.

अख्खी आळी लोटली. "इहीण तर चुन्यागत पांढरी," एक म्हातारी म्हणाली. "पांढरी कुठली, उन्हात ठेवा, घटकाभरात टोमॅटो व्हती," दुसरी म्हणाली. जावई वाकून आत आला आणि मराठीत म्हणाला, "यावेळी मी डोकं वाचवलं." तेव्हा जी हसाहस झाली, तिनं निम्मी भावकी निवळली. आमच्या मंडळींनी डब्यातला चुडा काढला. थोरलीचा हात बाळंतपणानं भरला होता, चुडा मनगटाच्या वर जाईना. दोघी त्यावरच बराच वेळ हसल्या, रडल्या, साबण लावून बघितला, आणि शेवटी नादच सोडला.

विहीणबाईंना खाली बसता येत नव्हतं. त्यांना स्वयंपाकघरात खुर्ची दिली. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजीसुद्धा नाही, आणि दोघी मिळून लसूण सोलायच्या. आमच्या मंडळी भराभरा बोलत राहायच्या आणि त्या मान डोलवायच्या. मी म्हटलं, अगं त्यांना कळत नाही. तर म्हणाल्या, "तुमाला तरी कुठं कळतंय? तुमी नुस्तं मानबी हलवत न्हाई."

त्यांच्या मुक्कामातली एक दुपार. जेवणं झाली होती. मी दारात पेपर घेऊन बसलो होतो. आत आमच्या मंडळी गहू निवडत होत्या, थोरली शेजारी. जावई मुलीला झोपवत होता, विहीणबाई खुर्चीत.

"एक इचारू का गं?" आई म्हणाली. "राग न्हाई आता. पण मला तरी सांगायचं व्हतंस. मी काय आडवी पडले असते? अण्णाला घाबरलीस ते ठीक. माझ्यापाशी यायचं."

थोरलीनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं. मी पेपर खाली केला होता. एक शब्द बोलायला जागा होती. तिनं वाट बघितली. मी पेपरची घडी घालायला लागलो.

मग ती म्हणाली, "आई, मला धीर झाला नाही."

आईनं सूप खाली ठेवलं. "माझ्यापाशी यायला धीर लागतो व्हय गं?"

जावयाला मराठी कळत होतं. तो मुलीला उचलून माझ्या शेजारून बाहेर निघून गेला. विहीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, थोरलीनं त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हाच मला कळलं की त्यांना सगळं ठाऊक आहे.

संध्याकाळी त्या काठी टेकत द्राक्षाच्या बागेपर्यंत आल्या, थोरलीला सोबत घेऊन. काही म्हणाल्या. थोरली ते मराठीत सांगायला तयार नव्हती. त्यांनी परत तेच म्हटलं. मग थोरली जमिनीकडं बघून म्हणाली, "त्या म्हणतायत, आम्ही जायच्या आधी आईला सांगा. मी आहे तोवर."

"सांगतो," मी म्हणालो.

मी गेलोही. गोठ्यात आमच्या मंडळी धार काढत होत्या. "ऐक ना," म्हणालो. त्यांनी वळून बघितलं, तोंडावर एवढा आनंद. "आज लई बरं वाटतंय बगा," त्या म्हणाल्या. "मनात व्हतं ते इचारून टाकलं. आता माझी काय तक्रार न्हाई." मी म्हणालो, "वैरण टाकू का?" त्या म्हणाल्या, "टाका की."

पाहुणे निघाले तेव्हा आमच्या मंडळींनी दोघींची ओटी भरली, लेकीची आणि विहिणीची. विधवेची भरायची नसते म्हणून शेजारणी कुजबुजल्या, तर त्यांना म्हणाल्या, "तिनं माझ्या लेकीची भरली तवा कुटं गेल्ता गं तुमी?" विहीणबाईंनी स्कर्टचा घेर दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यात नारळ, तांदूळ, खण घेऊन त्या तशाच जीपपर्यंत चालत गेल्या.

त्यानंतरची वर्षं आमच्या घरातली चांगली वर्षं होती, हे कबूल केलं पाहिजे. दर आठवड्याला मायलेकी फोनवर बोलायच्या. नात मराठीत आजीशी भांडायची. विहीणबाई परत आल्या नाहीत, पण प्रत्येक फोनच्या शेवटी त्यांचा नमस्कार यायचा, चुकीच्या उच्चारातला, आणि आमच्या मंडळी उभ्या राहून तो घ्यायच्या. मला हे सगळं त्या मुलीमुळं मिळालं, जिचं नाव मी पत्रिकेतून काढलं. तिनं माझी अब्रूही राखली आणि घरही.

मग आमच्या मंडळी आजारी पडल्या. थोरली आली, या वेळी कुणी न्यायची वाट न बघता, एकटी. महिनाभर तिनं आईचं सगळं केलं. शेवटच्या दिवसांत एकदा दुपारी ती औषधाला गेली होती. आमच्या मंडळींनी मला खाटेजवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता.

"तुमी अजून तिच्यावर राग धरलाय," त्या म्हणाल्या. "मला दिसतं. ती आली की तुमी खाली बगता. म्या कवाच माफ केलंय तिला. तुमीबी करा. माझ्यासाठी करा."

मी "बरं" म्हणालो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. झोप लागली होती. मी हललो नाही. जाग आली की सांगू, असं ठरवून बसलो. जाग आली तेव्हा थोरली परत आली होती, तिच्याकडून पाणी मागितलं, आणि त्यानंतर त्या शुद्धीवर राहिल्या नाहीत, तशाच गेल्या.

मागच्या वर्षी मी आण्याच्या व्याह्यांना खरं काय ते सांगितलं. इतकी वर्षं ज्यांच्या भीतीनं सगळं केलं ते म्हणाले, "एवढंच व्हय राव? आमाला धाकटी पसंत व्हती. थोरली चंद्रावर गेली असती तरी सून केलीच असती." आणि तंबाखू मळायला लागले. भावकीतल्या उरलेल्या दोघातिघांनाही सांगितलं. त्यांना नीट आठवतही नव्हतं. थोरलीला फोनवर म्हणालो, मी हे लिहून काढतोय, तुझी परवानगी पाहिजे. "लिहा अण्णा," म्हणाली. "माझं काही राहिलं नाही. पण मला सांगून काय उपयोग? आईला सांगायचं होतं."

तेच राहिलं. म्हणून इथं लिहितो, जसं गोठ्यात सांगायला पाहिजे होतं तसं. अगं, पोरगी तुला टाळून गेली नाही. ती मला विचारून गेली, आणि तुला सांगायचं म्हणून माझ्याशी भांडली. स्टँडवरनं ती तुझ्या पाया पडायला माघारी निघाली होती, मी दंड धरून तिला गाडीत चढवलं. तिला धीर होता. तो मला नव्हता. माफ तू तिला केलंस, माफी मी मागायची होती. तुझ्या हातची ओटी मी चुकवली. मला माफ कर.